फळांची-भाज्यांची अ‍ॅलर्जी : रक्त तपासण्याआधी आणि अहवाल हाती आल्यावर

‘वांगे खाल्ले की अंगावर पित्त उठते, रक्ताची कोणती तपासणी करू?’ ‘मुलाच्या अहवालात केळे, टोमॅटो, बटाटा, गाजर, पालक या सगळ्यांसमोर पॉझिटिव्ह लिहिले आहे, आता त्याला खायला काय देऊ?’ ‘आंबा मला चालत नाही हे मला पक्के माहीत आहे, पण रक्तात काहीच निघाले नाही, तपासणी चुकली का?’ वाचकांकडून हे तीन प्रश्न फिरून फिरून येतात. तिन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे : रक्त दिले की अ‍ॅलर्जी आहे की नाही, याचा निकाल लागतो.

तसा तो लागत नाही. तुम्हाला काय खाल्ल्यावर, किती वेळाने, काय होते, ही हकीकत आधी लागते. त्या हकीकतीतून एखाद-दुसऱ्या पदार्थावर संशय येतो आणि तो संशय पक्का करायला किंवा दूर सारायला रक्ततपासणी उपयोगी पडते. हा क्रम उलटला की पैसे जातात आणि ताटातले चांगले पदार्थही जातात. लहान मुलांच्या बाबतीत हे नुकसान मोठे असते, म्हणून हा विषय जरा सविस्तर.

आधी पाहा : हा त्रास अ‍ॅलर्जीचाच आहे का?

फळे-भाज्यांनी होणारा बराचसा त्रास अ‍ॅलर्जीचा नसतो. त्यामागे शरीराची प्रतिकारयंत्रणा नसते, त्यामुळे रक्तात तो दिसणारही नाही.

- अळू, सुरण : यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. ते तोंडाला आणि घशाला टोचतात, म्हणून खवखवते. अळूच्या फतफत्यात चिंच आणि सुरणाच्या भाजीत आमसूल घालण्याची पद्धत त्यासाठीच आहे.
- अननस, कच्ची पपई : अननसातील ब्रोमेलिन आणि पपईच्या चिकातील पपेन ही प्रथिने तोडणारी विकरे आहेत. भरपूर अननस खाल्ल्यावर जीभ सोलल्यासारखी होते ती त्यामुळे.
- टोमॅटो, लिंबू, संत्रे : वर्ष-दीड वर्षाच्या मुलाच्या तोंडाभोवती रस लागला तेवढ्याच जागी लाली येते आणि तासाभरात ओसरते. नाजूक त्वचेला आंबट रस झोंबलेला असतो. खाण्याआधी तोंडाभोवती व्हॅसलिन लावून पाहा.
- कांदा, लसूण, फणस : पोट फुगणे, गुडगुडणे, जुलाब होणे. यातील काही शर्करा लहान आतड्यात पचत नाहीत आणि मोठ्या आतड्यात आंबतात. त्रास खरा असतो, पण तो अ‍ॅलर्जीचा नव्हे.
- वांगे : यावर थोडे थांबावे लागेल. वांग्यात मुळातच हिस्टामिन असते आणि अंगावर गांधी उठवणारे रसायनही हिस्टामिनच. मैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील संशोधकांनी वांग्याच्या अ‍ॅलर्जीचा बारकाईने अभ्यास केला. हिस्टामिनला जास्त संवेदनशील असलेल्या माणसांत वांग्याची त्वचाचाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, असे त्यांना आढळले. वांग्याची खरी अ‍ॅलर्जी असते, पण ज्यांना वांगे ‘वातूळ’ म्हणून सोसत नाही त्या सगळ्यांना ती असते असे नाही.

मग अ‍ॅलर्जी ओळखायची कशी? पदार्थ खाल्ल्यापासून काही मिनिटांत, फार तर दोन तासांत लक्षणे येतात. ओठ, जीभ, टाळू, कानाच्या आत खाज, ओठ किंवा पापण्या सुजणे, अंगावर गांधी, उलटी, नाक वाहणे, खोकला, छातीत घरघर, चक्कर. थोडा पदार्थ पोटात गेला तरी होते आणि तोच पदार्थ पुन्हा खाल्ला की पुन्हा होते. काल खाल्ले आणि आज सांधे दुखतात, महिनाभर थकवा आहे, केस गळतात, वजन वाढते, या तक्रारींसाठी अ‍ॅलर्जीची रक्ततपासणी करू नका. त्यांची कारणे दुसरीकडे शोधायची असतात.

खरा संशयित कोण?

आपल्या स्वयंपाकात फळ किंवा भाजी क्वचितच एकटी येते. भरल्या वांग्यांत दाण्याचे कूट असते, तीळ असतात, खोबरे असते. काकडीच्या कोशिंबिरीत दाण्याचे कूट आणि दही. शिकरणात दूध. एकादशीला केळे आणि रताळ्याच्या किसाबरोबर साबुदाण्याच्या खिचडीतले शेंगदाणेही पोटात गेलेले असतात. दोष वांग्यावर किंवा केळ्यावर येतो. शेंगदाणे, तीळ किंवा दूध मोकळे सुटतात. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी जिवावर बेतू शकते, म्हणून ही चूक महागात पडते.

यासाठी दोन-तीन आठवडे वहीत नोंद ठेवा. कॅलेंडरच्या चौकोनात लिहिलेत तरी चालेल. त्रास झाला की एवढे टिपायचे :

- पदार्थाचे नाव आणि त्यात पडलेले सगळे जिन्नस, फोडणीसकट;
- कच्चा होता की शिजवलेला, सालासकट की सोललेला;
- खाल्ल्यावर किती मिनिटांनी, कुठे, काय झाले आणि किती वेळ टिकले;
- त्या दिवशी वेदनाशामक गोळी घेतली होती का, व्यायाम किंवा मद्यपान झाले होते का, ताप होता का;
- तोच पदार्थ एरवी त्रास न होता कधी खाल्ला आहे का.

शेवटची नोंद लोक हमखास विसरतात. तुमच्या घरी चातुर्मासात वांगे वर्ज्य असेल तर त्या चार महिन्यांत पित्त उठणे थांबले होते का आणि चंपाषष्ठीला भरीत-भाकरी खाल्ल्यावर काय झाले, हे डॉक्टरांना जरूर सांगा. एकदम अनेक पदार्थ तपासणाऱ्या एखाद्या महागड्या पॅनेलपेक्षा या माहितीतून जास्त कळते. पुरळाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. दवाखान्यात पोहोचेपर्यंत गांधी बहुधा मावळलेल्या असतात.

एक सूचना काटेकोरपणे पाळा. आधी कधी श्वास अडकला असेल, घसा आवळला असेल किंवा शुद्ध हरपली असेल, तर ‘पुन्हा खाऊन बघू’ हा प्रयोग घरी करू नका.

कोणती तपासणी करायची आणि कोणती नाही

प्रयोगशाळेच्या यादीत ‘अ‍ॅलर्जी’ या एका शब्दाखाली अगदी वेगवेगळ्या तपासण्या असतात. गोंधळ इथेच होतो.

विशिष्ट आयजीई : त्वरित होणाऱ्या अ‍ॅलर्जीसाठी कामाची रक्ततपासणी ही. केळ्याविरुद्ध, सफरचंदाविरुद्ध, टोमॅटोविरुद्ध रक्तात आयजीई प्रकारची प्रतिपिंडे किती आहेत, हे ती प्रत्येक पदार्थासाठी वेगळे मोजते. डॉक्टरांनी चिठ्ठीवर पदार्थांची नावे लिहून द्यावीत, दोन, तीन, फार तर पाच. शेंगदाणे, तीळ यांसारखा लपलेला संशयित असेल तर त्याचेही नाव त्यात हवे.

एकूण आयजीई : हिच्यावरून कोणत्याही फळाबद्दल काही ठरत नाही. दमा, इसब, धुळीची अ‍ॅलर्जी आणि पोटातले जंत या सर्वांत ती वाढते. जंत आपल्याकडे सर्रास असल्यामुळे आकडा मोठा आला म्हणून घाबरू नका आणि त्यावरून खाणे बदलू नका.

मोठी पॅनेल : एकाच नमुन्यात पन्नास, शंभर किंवा त्याहून जास्त पदार्थ, किंमत काही हजार रुपये. वैद्यकीय हकीकत न घेता केलेल्या अशा पॅनेलमधून अनेक निरुपद्रवी ‘पॉझिटिव्ह’ हमखास निघतात. त्याचे कारण अहवाल वाचण्याच्या भागात येईल. आरोग्य तपासणीच्या पॅकेजमध्ये सवलतीत मिळते म्हणून ती करू नका.

आयजीजी किंवा आयजीजी-४ पॅनेल : ‘फूड इनटॉलरन्स टेस्ट’ या नावाने वजन, थकवा, मुरुम, पोटाच्या तक्रारी यांसाठी ही विकली जाते. अ‍ॅलर्जीच्या निदानासाठी तिचा उपयोग नाही. तुम्ही एखादा पदार्थ नेहमी खाता आणि शरीराने तो ओळखीचा म्हणून स्वीकारला आहे, एवढेच आयजीजी प्रकारच्या प्रतिपिंडांवरून कळते. म्हणून रोज खाल्ला जाणारा गहू, भात, टोमॅटो, दूध यांनाच त्या अहवालात लाल रंग मिळतो. युरोपातील अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या अकादमीने २००८ मध्ये आणि कॅनडातील तज्ज्ञ संघटनेने २०१२ मध्ये ही तपासणी अन्नाच्या अ‍ॅलर्जीसाठी वापरू नये, असे स्पष्ट सांगितले आहे. माझेही मत ठाम आहे : तिच्यावर एक रुपयाही खर्च करू नका आणि आधीच केली असेल तर त्या अहवालावरून एकही पदार्थ बंद करू नका. केसांचा नमुना, हातात धातूची कांडी देऊन केलेले विजेचे मापन किंवा स्नायूंच्या ताकदीवरून काढलेले अंदाज यांनाही हेच लागू आहे.

त्वचेवरील टोचणी चाचणी : अ‍ॅलर्जीतज्ज्ञ हाताच्या आतल्या बाजूला पदार्थाच्या अर्काचा थेंब ठेवून त्यातून हलकेच टोचतात. पंधरा-वीस मिनिटांत निकाल कळतो. फळे-भाज्यांच्या बाबतीत एक अडचण आहे. त्यांची काही प्रथिने इतकी नाजूक असतात की बाटलीबंद अर्कात ती टिकत नाहीत. म्हणून जाणकार डॉक्टर ताज्या फळात सुई टोचून तीच त्वचेवर टोचतात. तुम्हाला सफरचंद किंवा किवी बरोबर आणायला सांगितले तर त्याचे नवल वाटू देऊ नका. ही पद्धत कित्येकदा रक्तापेक्षा जास्त भरवशाची ठरते.

मग रक्ततपासणी कधी निवडायची? अंगभर इसब असल्याने टोचायला निरोगी त्वचा नसेल, त्वचेवर नुसते ओरखडले तरी गांध उठत असेल, अ‍ॅलर्जीच्या गोळ्या थांबवणे शक्य नसेल, रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर चालू असेल, आधी गंभीर प्रतिक्रिया होऊन गेली असेल किंवा गावाजवळ अ‍ॅलर्जीतज्ज्ञ नसेल तेव्हा. आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणांची स्थिती पाहता शेवटचे कारणच बहुतेकांना लागू पडते.

रक्त देताना

उपाशी राहण्याची गरज नाही. सेट्रिझिन, लेव्होसेट्रिझिन, फेक्सोफेनाडिन यांसारख्या गोळ्या चालू असल्या तरी चालते. विशिष्ट आयजीईवर त्यांचा परिणाम होत नाही. टोचणी चाचणीआधी मात्र त्या थांबवाव्या लागतात, औषधानुसार साधारण तीन ते सात दिवस. सर्दीच्या कित्येक गोळ्यांतही हीच औषधे असतात, तेव्हा घेत असलेल्या सगळ्या गोळ्या डॉक्टरांना दाखवून विचारा.

गंभीर प्रतिक्रियेनंतर लगेच, त्याच आठवड्यात केलेल्या तपासणीत आकडा तात्पुरता कमी दिसू शकतो. चार ते सहा आठवड्यांनी तपासलेले बरे. प्रयोगशाळा एनएबीएल या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेली निवडा आणि कोणत्या पद्धतीने मोजणार हे विचारून घ्या. वेगवेगळ्या पद्धतींचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत, म्हणून पुढची तपासणीही त्याच पद्धतीने करा.

अहवाल कसा वाचायचा

विशिष्ट आयजीईचा आकडा किलो-युनिट प्रति लिटर या मापात येतो. जुन्या रिवाजानुसार ०.३५ च्या वर पॉझिटिव्ह धरतात. आजची यंत्रे ०.१ पर्यंतही मोजतात. आकड्याशेजारी ० ते ६ असा ‘क्लास’ छापलेला असतो. ०.३५ ते ०.७ म्हणजे पहिला, ३.५ पर्यंत दुसरा, १७.५ पर्यंत तिसरा आणि १०० च्या वर सहावा.

या आकड्यांबद्दल दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा. आकडा मोठा असेल तर अ‍ॅलर्जी असण्याची शक्यता जास्त, पण पुढची प्रतिक्रिया किती गंभीर होईल हे आकडा सांगत नाही. क्लास २ वाल्याचा घसा आवळू शकतो आणि क्लास ४ वाला तोच पदार्थ आरामात खात असू शकतो. आणि रक्तात प्रतिपिंडे असणे म्हणजे अ‍ॅलर्जी असणे नव्हे. कर्नाटकातील प्रौढांची एक पाहणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्ध आयजीई २६.५ टक्के लोकांत सापडली, पण लक्षणांशी ताडून पाहिल्यावर अन्नाची अ‍ॅलर्जी असावी असे ठरले ते फक्त १.२ टक्के लोकांत. म्हणजे रक्त पॉझिटिव्ह असलेल्या वीस जणांतला जेमतेम एक. उरलेल्यांच्या हाती अशा पॅनेलचा अहवाल पडला असता तर त्यांनी कितीतरी पदार्थ विनाकारण सोडले असते.

आता प्रत्यक्षात येणारे प्रकार पाहू.

*अहवाल पॉझिटिव्ह, पण तो पदार्थ तुम्ही नेहमी खाता आणि काही होत नाही.* अ‍ॅलर्जी नाही. खात राहा. हा नियम सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि सगळ्यात जास्त मोडला जातो तोही हाच.

*दहा-पंधरा फळे-भाज्या एकदम पॉझिटिव्ह, सगळ्यांचे आकडे लहान.* एवढ्या सगळ्या अ‍ॅलर्ज्या सहसा एका माणसाला नसतात. परागकणांत आणि फळांत काही प्रथिने अगदी सारखी असतात, शिवाय वनस्पतींच्या प्रथिनांवर शर्करांच्या सारख्याच साखळ्या असतात. गवताच्या किंवा तणाच्या परागाविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे त्यांनाही जाऊन चिकटतात. शर्करांच्या साखळ्यांमुळे आलेल्या पॉझिटिव्हने बहुधा काहीही त्रास होत नाही. तुम्हाला सर्दी-शिंकांचा जुना त्रास असेल तर तो डॉक्टरांना सांगा, उलगडा बहुतेक वेळा तिथेच होतो. नेमका कोणत्या प्रथिनामुळे आकडा वाढला हे दाखवणारी घटक-प्रथिनांची तपासणी मोठ्या शहरांत होते. गरज पडल्यास तज्ज्ञ ती सुचवतील.

*अहवाल निगेटिव्ह, पण खाल्ले की हमखास त्रास होतो.* तुमच्या अनुभवाला अहवालापेक्षा जास्त किंमत आहे. अर्कात नाजूक प्रथिन टिकले नसेल किंवा त्रास वेगळ्या प्रकारचा असेल. अशा वेळी ताज्या फळाची टोचणी चाचणी, आणि तरीही शंका उरली तर रुग्णालयात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडे थोडे खाऊ घालून करायची खाद्यचाचणी. अंतिम निकाल तीच देते. ती घरी करायची नसते.

*आकडा मोठा आणि हकीकतही जुळते.* अ‍ॅलर्जी आहे असे धरून चाला आणि पुढची आखणी डॉक्टरांबरोबर करा.

आंब्याचे प्रकरण वेगळे का

मे महिन्यात येणाऱ्या प्रश्नांत आंबा अर्थातच पहिला असतो. आंबा खाल्ल्यावर दहा मिनिटांत ओठ सुजणे, अंगावर गांधी, घरघर ही त्वरित अ‍ॅलर्जी होते, पण क्वचित. जास्त आढळतो तो दुसरा प्रकार : आंबा चोखून खाल्ला आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ओठांभोवती, गालांवर खाजरे, पाणी धरलेले पुरळ आले. याला कारण देठाचा चीक आणि सालीतली रसायने. आंबा, काजू आणि बिब्बा ही एकाच कुळातली झाडे. बिब्बा उततो तो ज्या प्रकारच्या रसायनांनी, तशीच रसायने काजूच्या टरफलाच्या तेलात आणि आंब्याच्या चिकातही असतात. कोकणात काजूच्या कारखान्यात काम करणाऱ्यांना किंवा पूर्वी बिब्बा उतलेल्यांना आंब्याचा असा त्रास होणे अगदी शक्य आहे.

या प्रकारात आयजीईचा काही संबंध नसतो, म्हणून रक्त कितीही वेळा तपासले तरी निगेटिव्हच येणार. त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर पट्ट्या चिकटवून दोन दिवसांनी पाहतात ती पॅच टेस्ट इथे कामाची. आणि एक दिलाशाची गोष्ट : अशांपैकी पुष्कळांना घरातल्या दुसऱ्या कुणी आंबा धुऊन, देठाकडचा भाग टाकून, साल काढून नुसत्या फोडी दिल्या तर चालतात. आंबा कायमचा सोडण्याआधी डॉक्टरांना याबद्दल जरूर विचारा.

आणखी दोन जोड्या लक्षात ठेवा

केळे, किवी, पपई किंवा अ‍ॅव्होकॅडोने तोंड खाजत असेल तर रबरी हातमोजे, फुगे किंवा कंडोम यांनी खाज किंवा सूज येते का, हे आठवून पाहा. नैसर्गिक रबराच्या चिकातील प्रथिने आणि या फळांतील प्रथिने सारखी असतात. रबराची अ‍ॅलर्जी असलेल्यांपैकी साधारण तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यांना यांतल्या एखाद्या फळाचा त्रास होतो. परिचारिका, दंतवैद्य आणि वारंवार शस्त्रक्रिया झालेली मुले यांनी विशेष जागरूक राहावे. शस्त्रक्रियेआधी किंवा दात काढण्याआधी हे सांगितले नाही तर खरा धोका तिथे आहे. इथे केळ्याबरोबर लेटेक्सची विशिष्ट आयजीई तपासून घ्या.

दुसरी जोडी मुख्यत्वे परदेशी असलेल्या मराठी मंडळींसाठी. उत्तर आणि मध्य युरोपात बर्चचे पराग वसंतात हवेत भरलेले असतात. बर्च हा आपल्या हिमालयातल्या भूर्जवृक्षाचाच भाऊबंद. तिथे काही वर्षे राहिल्यावर आधी शिंका सुरू होतात आणि मग कच्चे सफरचंद, पीच, चेरी, गाजर, सेलरी खाल्ल्यावर तोंड खाजू लागते; तेच सफरचंद शिजवले तर काही होत नाही. अमेरिकेत रॅगवीड या तणाच्या परागांमुळे कलिंगड, खरबूज, केळे यांच्या बाबतीत असे होते. आपले गाजरगवत रॅगवीडचे जवळचे नातेवाईक आहे, हेही माहीत असू द्या. अशा वेळी रक्तात फळाइतकेच परागाविरुद्धची आयजीई तपासणे महत्त्वाचे. त्रास तोंडापुरता असेल तर तो सहसा सौम्य राहतो. मात्र शिजवलेल्या फळानेही होत असेल, अंगभर पसरत असेल किंवा व्यायाम, वेदनाशामक गोळी अशा कारणांनी बळावत असेल तर त्याला सौम्य समजू नका. पीचच्या सालीत असते तसे उष्णतेला दाद न देणारे प्रथिन त्यामागे असू शकते.

अहवालानंतर ताटात काय

- बंद करायचा तो नेमका पदार्थ, त्याचे अख्खे कुळ नव्हे. टोमॅटोची अ‍ॅलर्जी म्हणून वांगे, बटाटा, मिरची आपोआप वर्ज्य होत नाहीत.
- शिजवलेले चालते का, सोललेले चालते का, हे डॉक्टरांना विचारून ठरवा.
- मुलाचे एखादे फळ बंद केले तर त्याऐवजी काय द्यायचे, हे त्याच भेटीत विचारा.
- मुलांची अ‍ॅलर्जी वयाबरोबर जाऊ शकते. पुन्हा तपासणी कधी करायची हे डॉक्टर सांगतील, दर तीन महिन्यांनी रक्त काढण्यात अर्थ नाही.

जिवावर बेतले तर

आवाज घोगरा होणे, घसा आवळणे, श्वासाला त्रास, सारख्या उलट्या, डोळ्यांपुढे अंधारी. गांधींसोबत यातले एकही लक्षण आले की वेळ दवडू नका. अंगावर पित्त उठले म्हणून आमसुलाचे पाणी पाजत बसू नका आणि अ‍ॅलर्जीच्या गोळीवरही विसंबू नका. यावरचे पहिले औषध अ‍ॅड्रिनलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत दिलेले इंजेक्शन. माणसाला आडवे झोपवा, पाय उंच करा; दम लागत असेल तर बसू द्या, पण उभे करून चालवू नका. १०८ ला फोन करा किंवा जवळचा दवाखाना गाठा. ज्यांना आधी असा झटका येऊन गेला आहे त्यांनी घरी काय ठेवायचे, किती मात्रेत आणि कोणी द्यायचे, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. परदेशात मिळणारी स्वयंचलित इंजेक्शने आपल्याकडे सहज मिळत नाहीत, म्हणून हा कागद आधीच तयार हवा. दमा असलेल्यांना धोका जास्त असतो.

तुमचे हक्क

पॅकेज घेण्याची सक्ती कोणी करू शकत नाही. चिठ्ठीवर लिहिलेल्या दोन-तीन पदार्थांचीच तपासणी मागण्याचा तुम्हाला अधिकार आहे. तशी सुटी तपासणी करत नसतील तर दुसरी प्रयोगशाळा पाहा. तपासणीने काय कळेल आणि काय कळणार नाही, हे आधी विचारा. अहवालात नुसते लाल-हिरवे रंग नकोत. आकडा, माप आणि पद्धतीचे नाव छापलेले हवे. उपचारांच्या नोंदी मागितल्यापासून ७२ तासांत मिळाव्यात, अशी तरतूद भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमावलीत आहे. खोटे दावे करून तपासणी विकली गेली असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

पाकीटबंद पदार्थांबाबत सावध राहा. २०२० च्या लेबल नियमांनुसार ग्लूटेनयुक्त धान्ये, कोळंबी-खेकडे, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व काजू-बदामासारखा सुका मेवा, सोयाबीन आणि ठरावीक मर्यादेवरचे सल्फाइट यांची अ‍ॅलर्जी-सूचना वेगळी छापावी लागते. फळे-भाज्या या यादीत नाहीत. म्हणून केळे, किवी किंवा टोमॅटो टाळणाऱ्यांनी घटकांची पूर्ण यादीच वाचायला हवी. दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांनी अ‍ॅलर्जीकारक घटकांची माहिती देणे बंधनकारक आहे; लहान हॉटेलांत ती तोंडी विचारावी लागेल आणि विचारण्यात संकोच नको.

ज्या घरांत आज एखाद्या पॅनेलच्या अहवालावरून मुलाचे चार-सहा पदार्थ बंद आहेत, त्या पालकांना एक विनंती. हा लेख वाचून ते पदार्थ घरीच एकदम सुरू करू नका, विशेषतः मुलाला इसब असेल तर. दीर्घकाळ बंद ठेवलेल्या पदार्थाने अशा मुलांत पहिल्या घासालाच तीव्र प्रतिक्रिया होऊ शकते. अहवाल आणि नोंदवही घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे किंवा अ‍ॅलर्जीतज्ज्ञांकडे जा आणि यातला कोणता पदार्थ, कधी आणि कुठे पुन्हा सुरू करायचा, हे त्यांच्याकडून ठरवून घ्या.